स्पे नदीची एक दिवसाची सहल: सकाळी शिंपला, दुपारी डॉल्फिन

पाचपैकी साडेचार तारे, आणि ते विचार करून दिले आहेत.

उत्तर-पूर्व स्कॉटलंडमधल्या स्पे नदीची ही एका दिवसाची सहल. सकाळी नदीच्या वरच्या अंगाला जाऊन गोड्या पाण्यातला मोत्याचा शिंपला समजून घ्यायचा, आणि दुपारी तीच नदी जिथे समुद्राला मिळते त्या स्पे बेच्या किनाऱ्यावर डॉल्फिनची वाट पाहायची. सहल नेणाऱ्या बाई तिथल्याच आहेत, ह्याच नदीवर त्यांचं आयुष्य गेलंय, आणि एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं त्या घेत नाहीत. माणशी साठ पौंड, मुलांना निम्मे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्या काठावर त्या नेतात ती जागा आणि त्यांचं नाव एकत्र कुठे छापून येऊ नये अशी त्यांची विनंती आहे, आणि कारण ऐकल्यावर मला ती पूर्ण पटली. ज्यांना खरोखर जायचं आहे त्यांना मी खासगीत कळवीन.

माझी लेक ॲबरडीनला असते. मी कराडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. इथे येणाऱ्या आई-बाबांना मुलं एडिनबरा दाखवतात, लॉक नेस दाखवतात आणि परत पाठवतात. लेकीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, मला ही सहल हवी. बरोबर लेक, जावई आणि नऊ वर्षांचा नातू. तो अर्थातच फक्त डॉल्फिनसाठी आला होता.

जायच्या आधी ह्या सहलीबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचलं होतं. दोघातिघांची तक्रार एकच: अर्धा दिवस शिंपल्यांवर बोलतात आणि जिवंत शिंपला दाखवतच नाहीत. हे खरं आहे. दाखवत नाहीत. पण ह्यासाठी मी एकही गुण कापलेला नाही, उलट वाढवून दिलाय. ब्रिटनमध्ये हा शिंपला कायद्याने संरक्षित आहे. १९९८ पासून त्याला पकडणं, मारणं, इजा करणं, नुसतं हलवणंसुद्धा गुन्हा आहे. परवाना असलेल्या माणसालाच तो हाताळता येतो, आणि पर्यटकांसाठी परवाना मिळत नाही. मिळूही नये. पाण्यात एकेक पाय टाकला की तळाची खडी सरकते, आणि त्या खडीत शिंपल्याची बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिल्लं पुरलेली असतात. सहा माणसांनी गुडघाभर पाण्यात उतरून फोटो काढले असते तर मी अर्ध्यातून परत फिरले असते.

गाडीतून उतरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे बूट. बाईंनी एका पसरट ट्रेमध्ये जंतुनाशकाचं पाणी ओतलं आणि सगळ्यांना तळवे बुडवायला लावले, ब्रशने चिखल काढायला लावला. नॉर्वेत एका सूक्ष्म परजीवीने नद्यांच्या नद्यांतले सॅमन मासे जवळजवळ संपवले. तो परजीवी ब्रिटनमध्ये अजून पोचलेला नाही आणि तो ओल्या बुटांवरून, गळाच्या जाळीवरून येऊ शकतो. दुसरी गोष्ट, फोन. प्रत्येकाने फोनमधलं लोकेशन बंद करायचं, म्हणजे फोटोबरोबर जागेचा पत्ता जात नाही. जावयांनी विचारलं, एवढं कशाला? तर मोती. इथे अजूनही चोरून शिंपले काढणारे लोक आहेत. मोती क्वचितच सापडतो, हजारो शिंपल्यांत एखादा, तोही चांगला असेलच असं नाही. म्हणून चोर दिसतील तेवढे शिंपले फोडत जातो आणि शंभर वर्षं जगलेले जीव काठावर ढीग करून टाकून जातो. असा ढीग बाईंनी स्वतः पाहिलाय. त्यांचं नाव आणि ही जागा मी का जोडत नाही ते आता कळलं असेल.

मग त्यांनी पिशवीतून एक रिकामा शिंपला काढला. शिकवण्यासाठी जुन्या संग्रहातून मिळालेला, कागदपत्रांसकट. मी हातात घेतला आणि आधी जाणवलं ते वजन. आपल्याकडे कृष्णेच्या वाळूत मिळणारा शिंपला पातळ असतो, हिरवट-तपकिरी, नखाने दाबला तर कड मोडते. हा काळाकभिन्न, जाडजूड, लांबीला माझ्या तळहातापेक्षा मोठा, आणि खालच्या कडेला किंचित आत वळलेला. वरच्या बाजूला, जिथून शिंपला वाढायला सुरुवात होते तो शेंडा, झिजून पांढरा पडलेला. स्कॉटलंडचं पाणी मऊ आहे, त्यात चुना कमी, त्यामुळे सगळ्यात जुना भाग विरघळत जातो. आतून मात्र दुधी, कडेला गुलाबी झाक. बाहेरच्या अंगावर एकाआत एक रेघा. झाडाच्या खोडात वर्षं मोजतात तशी ह्या रेघांवरून मोजता येतात. कडेजवळ त्या इतक्या दाटीने येतात की भिंगाशिवाय सुट्या दिसत नाहीत. बाईंच्या हिशेबाने ह्याचं वय नव्वदच्या पुढे. स्कॉटलंडच्या नद्यांत हा जीव शंभरी सहज ओलांडतो, १३० वर्षांचेही आढळले आहेत. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधी तळाशी बसलेला एखादा शिंपला आजही त्याच जागी पाणी गाळत असू शकतो. आणि जागा म्हणजे अगदी तीच. मोठा झाल्यावर तो जन्मात काही मीटर सरकला तरी खूप.

नातवाने शिंपला कानाला लावला. समुद्राचा आवाज येत नाही म्हणाला. बाईंनी त्याला हसून सांगितलं की ह्याने समुद्र कधी पाहिलेलाच नाही, पण ह्याला लहानपणी सांभाळणारा समुद्र पाहून येतो. मुलाने लगेच विचारलं, कोण? आणि तिथून खरी सहल सुरू झाली.

बाईंकडे घडीचा सूक्ष्मदर्शक आहे. तो त्यांनी एका सपाट दगडावर मांडला आणि एक कायमची स्लाइड लावली. मी डोळा लावला आणि ओळखलं: ग्लोकिडियम. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची अळी. ही आकृती मी फळ्यावर किती वर्षं काढली त्याला गणती नाही. आमच्या पुस्तकात दोन झडपा, झडपांच्या टोकांना आकडे आणि मधून निघालेला एक लांब धागा असायचा. ह्या स्लाइडवर आकडेच नव्हते. आकडे असलेली अळी माशाच्या परांना, कातडीला चिकटते. ही बिनआकड्याची, आकाराने फारच लहान, मिलिमीटरच्या पंधराव्या-सोळाव्या भागाएवढी, आणि ती चिकटते कल्ल्यांना. पुस्तकातली आकृती एका जातीची होती, आम्ही ती सगळ्या शिंपल्यांची म्हणून शिकवत आलो. मी हे म्हटल्यावर बाई सूक्ष्मदर्शक सोडून माझ्याशीच बोलत बसल्या, आणि बाकीच्या पाहुण्यांनीही ते आनंदाने ऐकून घेतलं.

प्रकार असा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी एकेक मादी दहा लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत अळ्या पाण्यात सोडते. त्यांना पोहता येत नाही. त्या वाहत जातात, आणि वाहता वाहता सॅमनच्या किंवा ट्राउटच्या पिल्लाने श्वास घेताना आत ओढलेल्या पाण्याबरोबर कल्ल्यांवर पोचल्या तर झडप मिटून बसतात. बाकीच्या सगळ्या मरतात. बसलेल्यांभोवती माशाची कातडी वाढते आणि त्या आतमध्ये सगळा हिवाळा काढतात. पुढच्या वसंताच्या शेवटी त्या गळून पडतात, तेव्हा त्यांचे छोटे शिंपले झालेले असतात. ज्या जागी पडले तिथे स्वच्छ, खेळती, गाळ नसलेली खडी हवी. तिथे पाचेक वर्षं पुरून राहायचं, मग वर यायचं. वयात यायला बारा वर्षं, कधी जास्त. लाखांमधून किती जण इथवर येत असतील ते तुम्हीच बघा.

म्हणजे ह्या शिंपल्याला नदी पुरत नाही. त्याला नदीत मासा लागतो, आणि तोही एका विशिष्ट कुळातला. सॅमन संपला की म्हातारे शिंपले आपले तळाला बसून राहतात, पाणी गाळत राहतात, दिसायला सगळं ठीक, पण त्यांच्यात एकही तरुण नसतो. युरोपातल्या पुष्कळ नद्यांत आज हीच परिस्थिती आहे. बाई म्हणाल्या, शिंपले मोजायला गेलं की आम्ही आधी लहान शोधतो, मोठ्यांची गर्दी बघून खूश होत नाही. मला हे वाक्य फार आवडलं.

उलट दिशेनेही देणंघेणं आहे. एक मोठा शिंपला दिवसाला ५० लिटरपर्यंत पाणी गाळतो. जिथे त्यांची दाट वस्ती असते तिथलं पाणी नितळ राहतं, आणि सॅमनची अंडी ज्या खडीत असतात ती खडी गाळाने बुजत नाही.

नदीबद्दल बोलताना बाईंनी स्पे धरणाचा विषय काढला. १९४३ सालचं हे धरण, नदीच्या अगदी वरच्या टप्प्यात. तिथलं पाणी पूर्वेला येण्याऐवजी डोंगरापलीकडे पश्चिमेला वळवलेलं आहे, फोर्ट विल्यमच्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी. बाकीच्या पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागलं. मला नाही. पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे टाकून वीज करतात, हे आम्ही कऱ्हाडचे लोक लहानपणापासून ऐकत मोठे झालो. मी बाईंना ते कागदावर काढून दाखवलं: डोंगर, बोगदा, वीजघर, चिपळूणकडे जाणारी वाशिष्ठी. त्यांनी तो कागद ठेवून घेतला.

मोत्यांबद्दल थोडं. आपल्याकडे मोती म्हटलं की नथ आणि बसरा. स्कॉटलंडच्या नद्यांतल्या मोत्यांची ख्याती रोमन काळापासून आहे. एडिनबराच्या किल्ल्यात ठेवलेला १५४० चा राजमुकुट आम्ही आधी पाहिला होता, त्यात गोड्या पाण्यातले मोती आहेत. ह्या शतकांच्या हव्यासाने किती नद्या रिकाम्या झाल्या त्याचा हिशेबच नाही. शेवटचा गाजलेला मोती टे नदीत १९६७ मध्ये बिल ॲबरनेथी ह्या मोतीवेच्याला मिळाला. ॲबरनेथी शिंपला फोडायचे नाहीत, चिमट्याने हलकेच उघडून बघायचे आणि परत ठेवायचे, असं बाईंनी आदराने सांगितलं. मला मोत्यात रस नाही. पण मोत्यापेक्षा तो बनवणारा जीव जास्त मोलाचा आहे हे पटवण्यात बाईंनी घालवलेली ती दहा मिनिटं मला फार महत्त्वाची वाटली, कारण आमच्याबरोबरच्या एका पाहुण्याचा पहिला प्रश्न किमतीचाच होता.

जेवणाबद्दल नंतर. दुपारी फॉकबर्स गावावरून खाली स्पे बेला आलो.

ही जागा पाहूनच मन भरतं. नदी इथे एका धारेत समुद्राला मिळत नाही. गोट्यांच्या बांधांतून वाट काढत, दरवर्षी तोंड बदलत जाते. किनारा वाळूचा नाही, मुठीएवढ्या गोल गोट्यांचा, चालताना पाय घसरतात. साठीच्या पुढच्यांनी काठी न्यावी. काठावर अर्धी जमिनीत गेलेली, गवताचं छप्पर असलेली तीन लांब कमानींची इमारत आहे. ते १८३० मधलं बर्फघर. हिवाळ्यात बर्फ तोडून आत साठवायचे आणि उन्हाळ्यात पकडलेले सॅमन त्यात बांधून बोटीने लंडनला धाडायचे. त्याच आवारात व्हेल अँड डॉल्फिन कन्झर्वेशन ह्या संस्थेचं स्कॉटिश डॉल्फिन सेंटर आहे. आम्ही गेलो तेव्हा प्रवेशाला पैसे नव्हते. स्वयंसेवक मुलंमुली किनाऱ्यावर ठरलेल्या वेळी दुर्बीण घेऊन उभी राहतात, दहा मिनिटं समुद्र चाळतात आणि दिसलं-न दिसलं ते दोन्ही लिहून ठेवतात. न दिसलेलंही लिहून ठेवायचं, ह्याचं मला शिक्षिका म्हणून विशेष कौतुक वाटलं. निरीक्षण म्हणजे काय ते नातवाला तिथे एका खेपेत कळलं.

वाट बराच वेळ पाहावी लागली. वारा थंड, जुलै असून स्वेटरवर जाकीट. मुखाजवळ एक ऑस्प्रे घिरट्या घालत होता. हा मासेखाऊ गरुड हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत असतो. मग एका स्वयंसेविकेने हात वर केला आणि गोड्या-खाऱ्या पाण्याची जिथे रेघ दिसते तिथे बोट दाखवलं.

आधी पाठीवरचा पर. उंच, मागे वळलेला, काळसर राखाडी. मग दुसरा, त्याच्याजवळ अगदी चिकटून एक छोटा. आई आणि पिल्लू. पिल्लाचा रंग फिकट आणि अंगावर उभ्या पुसट घड्या. आईच्या पोटात गुंडाळलेलं असताना पडलेल्या त्या खुणा काही महिने राहतात. दुर्बिणीतून मला त्या स्पष्ट दिसल्या. श्वासाचा आवाजही वाऱ्यावरून आला, छोटा, जोरकस फुस्कारा. आणि मग तिसरा डॉल्फिन पाण्याबाहेर अर्धा आला आणि त्याने मान झटकली, तोंडात आडवा धरलेला चंदेरी मासा हवेत उडाला, पडला, परत धरला. सॅमन. हातभर लांब. गिळायच्या आधी त्याचं तोंड आपल्या बाजूला फिरवून घेण्यासाठी हे उडवणं असतं. नातू ओरडलाच: आजी, हा शिंपल्याचा मासा!

बरोबर. नदीत जन्मलेलं सॅमनचं पिल्लू कल्ल्यांवर शिंपल्याच्या अळ्या सांभाळतं, त्या खाली ठेवतं, मोठं होऊन समुद्रात जातं, ग्रीनलंडपर्यंत चरून येतं आणि जन्मनदीच्या वासावर परत ह्या मुखाशी येतं. इथे डॉल्फिन उभे असतात. जे सुटतात ते वर जाऊन अंडी घालतात, आणि त्यांची पिल्लं परत शिंपल्याच्या कामी येतात. एक जीव नदीच्या तळाशी खिळलेला, दुसरा मोकळ्या समुद्राचा, दोघं एकमेकांना जन्मात भेटत नाहीत, आणि दोघांचं पोट-पाणी एका माशावर. सकाळ आणि दुपार एकत्र ठेवण्यामागे बाईंचं हेच गणित आहे. नुसती डॉल्फिनची सहल घेतली असती तर आम्ही उड्या पाहून टाळ्या वाजवून परत आलो असतो.

बाकी सगळ्या बाबतींत हे दोघं टोकाचे. शिंपल्याला मेंदू नाही, नुसत्या मज्जातंतूंच्या तीन जोड गाठी. डॉल्फिनचा मेंदू दीड किलोच्या आसपास, आपल्यापेक्षा थोडा जडच. शिंपली लाखो अळ्या सोडून मोकळी होते; डॉल्फिनची मादी बारा महिने एक पिल्लू पोटात वाढवते, वर्षानुवर्षं दूध पाजते, आणि पुढचं पिल्लू तीन ते पाच वर्षांनी. शिंपल्यांची ओळख म्हणजे रेघा मोजणं, डॉल्फिनची ओळख म्हणजे पराच्या कडेवरच्या खाचा. क्रोमार्टीला ॲबरडीन विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे १९८९ पासून ह्या खाचांचे फोटो जमवून एकेका डॉल्फिनचं आयुष्य नोंदवलं जातंय. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ह्या बाटलीनाक डॉल्फिनची संख्या दोनशेहून थोडी अधिक आहे. थंडीमुळे अंगावर चरबीचा जाड थर, आणि आकाराने जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, चार मीटरच्या जवळ. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये ह्याच किनाऱ्यावर दाखवून दिलं की प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते, आणि तीच शीळ ध्वनिमुद्रित करून ऐकवली की तो उत्तर देतो. म्हणजे हाक मारल्यावर ओ देणारे प्राणी आहेत हे.

बाईंनी स्पर्टल नावाच्या डॉल्फिनची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये क्रोमार्टी फर्थच्या (फर्थ म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्राचा फाटा) चिखलात एक लहान डॉल्फिन अडकला, दिवसभर उन्हात होरपळला, योगायोगाने कुणाच्या नजरेस पडला आणि त्याला परत पाण्यात सोडलं. पाठीवर भाजल्याची मोठी खूण राहिली. ती मादी होती आणि ती जगली. २०१९ मध्ये पार आयर्लंडच्या किनाऱ्यावर दिसली. भाजल्याच्या खुणेवरूनच ओळखली. शिंपल्याच्या बाबतीत अशी गोष्ट सांगता येत नाही, त्याला नाव नाही, त्याला चेहरा नाही, त्यामुळे त्याच्यासाठी देणगीची पेटीही भरत नाही. आणि धोक्याच्या यादीत बघायला गेलं तर युरोपात शिंपला अतिसंकटग्रस्त आहे. बाटलीनाक डॉल्फिन जगभराच्या हिशेबात तसा सुरक्षित. मला वाटतं, ज्याला हाक मारता येत नाही त्याच्यासाठी कुणीतरी अर्धा दिवस बोललंच पाहिजे. ते ह्या बाई करतात.

आणि डॉल्फिन गोड, हसरे, माणसाळलेले, हा समजही त्यांनी मुलांसमोर न घाबरता दुरुस्त केला. स्पे बे ज्या मरी फर्थवर आहे, त्यातलेच डॉल्फिन पॉरपॉइज नावाच्या आपल्या छोट्या चुलतभावंडांना धडका देऊन मारतात, खात नाहीत. नातू थोडा वेळ गप्प होता. त्याला खरं सांगितलं हे चांगलंच झालं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, आपल्याकडची. मालवण-तारकर्ली, दापोली-हर्णे बाजूला मी डॉल्फिन पाहायला गेले आहे. आपल्या किनाऱ्यालगतचा हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेला, खाड्यांच्या तोंडाशी चरणारा, संकटग्रस्त यादीत आहे. पण पाठ दिसली रे दिसली की चारी बाजूंनी बोटी त्याच्यावर घालतात, इंजिन वाढवतात, पिल्लू असलं तरी. पाहुण्यांना जवळून दाखवायचं म्हणून तो बिचारा नाखवाही काय करणार, आपणच तसा आग्रह धरतो. स्पे बेला बोटच नाही. किनाऱ्यावर उभं राहायचं, तो आला तर आला. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी उंच जागांची काही कमी नाही. दुर्बीण भाड्याने देऊन, मुलांना नोंद करायला शिकवून असा व्यवसाय तिथेही उभा राहू शकतो, आणि मला तो पाहायची फार इच्छा आहे. तसंच नदीच्या शिंपल्यांचं. कृष्णेतल्या शिंपल्यांच्या अळ्यांनाही मासाच लागतो, त्यांनाही तळ लागतो. आपण वाळू उपसतो तेव्हा नुसती वाळू जात नाही, त्यातली ही सगळी वस्ती ट्रकमध्ये जाते.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी.

मुलं आठ वर्षांच्या वरची हवीत. आमच्याबरोबरच्या दुसऱ्या कुटुंबातलं चार-पाच वर्षांचं मूल सकाळी कंटाळलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. सकाळच्या जागी स्वच्छतागृह नाही. निघताना वाटेत एक थांबा देतात तो चुकवू नका. बाईंचं बोलणं भरभर आणि उच्चार तिथले, पहिला अर्धा तास मला लेकीकडून पुन्हा विचारून घ्यावं लागलं, पण सांगितल्यावर त्यांनी वेग कमी केला. सहा जणांत दुर्बिणी तीनच. शक्य असेल तर आपली न्या, नाहीतर नेमकं पिल्लू वर येतं तेव्हा दुर्बीण दुसऱ्याच्या हातात असते. ही एक गोष्ट त्यांनी सुधारावीच, एवढे पैसे घेतल्यावर माणशी एक दुर्बीण हवी.

तुम्हाला फक्त डॉल्फिन, आणि तेही अगदी जवळून, फोटो काढता येतील असे हवे असतील तर ह्या सहलीला येऊ नका. इन्व्हर्नेसपलीकडे फोर्टरोझजवळ शॅनरी पॉइंट म्हणून जमिनीचं टोक आहे. ओहोटी संपून भरतीला सुरुवात झाली की तिथे डॉल्फिन माशांच्या मागे किनाऱ्याला लगटून येतात. तिथे उभं राहायला पैसे पडत नाहीत. स्पे बेला ते दूर असतात, आणि कधी कधी येतच नाहीत. पैसे परत मिळत नाहीत हे बाई आधीच स्पष्ट सांगतात, आणि ते योग्य आहे.

मोसम म्हणाल तर मे ते सप्टेंबर, त्या काळात सॅमन मुखाशी येतो म्हणून डॉल्फिनही येतात. ऑगस्टमध्ये शिंपले अळ्या सोडत असतात, दिसणार काही नाही, पण त्या काठावर उभं राहून ते ऐकायला मला आवडलं असतं. सॅमनचं मात्र खरंच वाईट चाललंय. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या नद्यांत गळाला लागलेल्या सॅमनची संख्या १९५२ पासून नोंदी ठेवायला लागल्यापासूनची सगळ्यात कमी होती, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमधला सॅमन संकटग्रस्त यादीत गेला. त्यामुळे पाहायचं असेल तर पुढे ढकलू नका.

आणि जेवण, ज्याच्यासाठी अर्धा तारा गेला. सहलीच्या पैशांत दुपारचं जेवण धरलेलं आहे. शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच कळवलं होतं. तरी मिळालं ते थंड ब्रेडमध्ये चीजचा एक काप आणि बटाट्याच्या वेफर्सची पुडी, आणि सूपमध्ये मासा. नदीकाठच्या वाऱ्यात त्याने भूक भागत नाही. लेकीने शहाणपणाने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती शेवटी बाईंसकट सगळ्यांनी खाल्ली. तुम्हीही डबा घेऊनच जा, आणि चहाचा थर्मास विसरू नका. किनाऱ्यावर वाट पाहताना त्याचा खरा उपयोग होतो.